बैठकीनंतरची दहा मिनिटं : मन निवांत करणारं गाणं, तेही फुकट

या महिन्याचा पाठ
*वेळ : ४५ मिनिटं. लागणारं साहित्य : एक फोन किंवा रेडिओ, जमल्यास छोटा स्पीकर, आणि गटातली एक आजी.*



गेल्या मार्चअखेरची गोष्ट सांगते. एका गटाची बैठक चालू होती आणि वातावरण चांगलंच तापलं होतं. दोघींचे तीन महिन्यांचे हप्ते थकलेले, बँकेचा कागद आलेला, आणि बोलणं "तुमच्यामुळे आमचं नाव खराब झालं" इथपर्यंत गेलेलं. मी मधे पडून समजावत होते, पण खरं सांगते, माझंही डोकं चालेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका ताईंचा फोन वाजला. रिंगटोन होती अभंगाची. पंडित भीमसेन जोशींचा आवाज आणि मागे टाळ. ताई गडबडीने फोन बंद करायला गेल्या, तर सगळ्यात जास्त चिडलेल्या मावशीच म्हणाल्या, "राहू दे गं. वाजू दे, उचलू नको."

फोन वाजून वाजून थांबला. अर्धं मिनिट झालं असेल नसेल. कुणी काही बोललं नाही. मग सचिव ताईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "चला, हप्त्याचं कसं करायचं ते बघू." त्या दिवशी दोघींची थकलेली रक्कम छोट्या हप्त्यांत विभागून द्यायचं ठरलं. अभंगाने कर्ज फिटलं असं मी म्हणत नाही. पण सुटलेलं बोलणं जागेवर आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. (फोन ताईंच्या मुलाचा होता. "आई, भाजी कशाची केलीस?" एवढंच विचारायला.)

तेव्हापासून डोक्यात होतं की यावर एक पाठ लिहायचा. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला ताणतणावावर एक प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं, सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. मी एकदा बैठकीत करून पाहिलं. पाचव्या मिनिटाला तिघी घोरायला लागल्या! त्यांचं चुकलं नाही. पहाटे चारला उठलेली बाई डोळे मिटल्यावर झोपणारच. मग वाटलं, आपल्या बायकांना ज्याची सवय आहे, जे कानावर पडलं की आपोआप मन थांबतं, तेच का वापरू नये?

## १. कोणतं गाणं मन निवांत करतं?

देवाचं नाव आलं म्हणजे ते गाणं मन शांत करतंच असं नाही. गणपतीत डीजेवर लावलेल्या गाण्यातही देव असतो, पण त्याने छाती धडधडते. तेही असू दे, नाचायच्या वेळी ते चांगलंच आहे. आज आपण दुसऱ्या प्रकारच्या गाण्याबद्दल बोलतोय. ते कसं ओळखायचं?

- चाल संथ असते. वाद्यं कमी असतात. टाळ, पखवाज, एकतारी, नाहीतर नुसता आवाज.
- एक ओळ फिरून फिरून येते. भजनात आपण त्याला ध्रुपद म्हणतो. पहिल्यांदा ती कानात जाते, पाचव्यांदा मनात उतरते.
- गाणं संपलं की लगेच दुसरं लावावंसं वाटत नाही. थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

ही तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात खरी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. गाणं म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली आहे, सारखं रडू येतंय, जीव नकोसा वाटतोय, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

## २. आपल्याच बायकांचे अभंग

अभंग म्हटलं की ज्ञानोबा-तुकोबा चटकन आठवतात. पण आपल्यासारख्याच राबणाऱ्या बायकांचे अभंगही शेकडो वर्षं गायले जातात. नावं माहीत असली की शोधायला सोपं जातं, म्हणून थोडक्यात ओळख करून देते.

जनाबाई. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी त्या कामाला होत्या. दळणं, कांडणं, झाडलोट, शेण्या गोळा करणं, सगळं त्यांच्या अभंगात येतं, आणि त्या कामात विठ्ठल त्यांना हात लावतो. ज्या कामाची आपल्या घरात कुणी नोंद घेत नाही, त्या कामाचे त्यांनी अभंग केले.

मुक्ताबाई. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण. लोकांच्या वागण्याने दुखावलेल्या भावाने दार लावून घेतलं, तेव्हा बाहेर उभं राहून त्याची समजूत काढणारे त्यांचे अभंग 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत. राग गिळून बसलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे त्यातून शिकावं.

सोयराबाई. चोखामेळ्यांच्या पत्नी, चौदाव्या शतकातल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवलं गेलं, त्या घरातल्या बाईने सरळ प्रश्न विचारला की विटाळ नेमका कुठे असतो? ज्या देहातून सगळे जन्मतात तो अपवित्र कसा? पाळीच्या विषयावर आपण प्रशिक्षण घेतो तेव्हा मला दरवेळी त्या आठवतात. त्यांचा एक अभंग किशोरी आमोणकरांनी गायला आहे. तो घराघरात ऐकला जातो, पण तो एका दलित बाईचा आहे हे ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या. नायकिणीच्या पोटी जन्मलेल्या. आपल्या देहावर दुसऱ्याची मालकी नको, म्हणून त्यांनी विठ्ठलाचा धावा केला.

बहिणाबाई. इथे थोडं लक्ष द्या, कारण या नावाच्या दोघी आहेत. एक संत बहिणाबाई शिऊरकर, सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांना गुरू मानणाऱ्या. नवऱ्याचा विरोध आणि मार सोसून त्यांनी आपली वाट धरली, आणि ते सगळं स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलं. दुसऱ्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१). त्या शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी ती लिहून घेतली आणि १९५२ साली, म्हणजे त्या गेल्यावर, त्याचं पुस्तक निघालं. कुणी लिहून घेतलं नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

## ३. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा खजिना

आता मला स्वतःला थक्क करणारी गोष्ट. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ हे दोघं पुण्यात राहून मुळशीसारख्या डोंगरी भागातल्या गरीब कुटुंबांत काम करत होते. बायकांच्या मनातलं समजून घ्यायचं तर त्यांच्या ओव्या ऐकायला हव्यात, हे त्यांना कळलं. ऐंशीच्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या. पुढे काही ओव्या त्यांच्याच आवाजात रेकॉर्डही केल्या. या ओव्यांची संख्या आहे एक लाखाच्या वर! त्यात राम-सीता आहेत, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आई आहे, सासुरवास आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही पुष्कळ ओव्या आहेत.

२०१७ पासून हा खजिना 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर थोडा थोडा प्रसिद्ध होतो आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं हे संकेतस्थळ थोडक्यात 'पारी' म्हणून ओळखतात. ओवी मराठीत लिहिलेली असते, गाणाऱ्या बाईची माहिती असते आणि आवाज ऐकता येतो. नाव नोंदवायला लागत नाही, पैसे लागत नाहीत.

विजेच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं. आता ते लग्नात हळद दळायलाच निघतं. दळणाचं कष्ट गेलं, बरंच झालं. पण पहाटेची ती एक वेळ, जेव्हा बाई स्वतःशी मोकळं बोलायची, तीसुद्धा त्याबरोबर गेली.

## ४. शेजारच्या अंगणातलं गाणं

आपल्या प्रभागसंघात सगळ्या जाती-धर्मांच्या बायका आहेत. दर बैठकीला विठ्ठलच लावला तर काहींना वाटेल, हे आपलं नाही. म्हणून थोडं पलीकडेही ऐकू या. मी स्वतः यातलं बरंचसं गेल्या वर्षभरातच ऐकलं.

कबीर. मध्य प्रदेशातल्या माळवा भागात गावोगावच्या मंडळ्या रात्र-रात्र तंबुऱ्यावर कबीर गातात. तिथलेच प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळेतले शिक्षक. पुढे ते कबीर गाणारे म्हणून देशभर माहीत झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाता गाता मधे थांबून ते अर्थ समजावून सांगतात. हिंदी मालिका कळते तिला हेही कळेल.

याच माळव्यात, देवासला, कुमार गंधर्व राहायला गेले होते. तरुण वयात, गाण्यात मोठं नाव झालेलं असताना, त्यांना क्षयरोग झाला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. काही वर्षं ते अंथरुणावर पडून होते. त्या काळात रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची, बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडायची. ते ऐकत राहिले. बरे होऊन पुन्हा गायला लागले तेव्हा त्या ऐकण्याचं सोनं झालं. त्यांची निर्गुणी भजनं आजही लोक डोळे मिटून ऐकतात. गाता येत नव्हतं तेव्हाही त्यांचं ऐकणं चालूच होतं. आजारपणात, बाळंतपणात, म्हातारपणात आपणही तेवढं करू शकतो.

गुरबानी. नांदेडचा गुरुद्वारा आपल्या राज्यातलाच. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या संत नामदेवांच्या ६१ रचना आहेत, आणि त्या पंजाबात आजही गायल्या जातात. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातलं कीर्तन रोज थेट प्रसारित होतं.

बुद्धवंदना. त्रिशरण, पंचशील आणि परित्राण पाठ पाली भाषेत, एका लयीत म्हणतात. आपल्या एका गटातल्या ताई म्हणतात, "शब्द सगळे कळत नाहीत, पण म्हणताना श्वास आपोआप संथ होतो."

कव्वाली आणि नात. दर्ग्यातली कव्वाली हळू सुरू होऊन चढत जाते. नात बहुतेक वेळा वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात असते. मुस्लिम भगिनींना विचारा, त्या चांगलं निवडून देतील.

मराठी ख्रिस्ती भजनं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी येशूवर मराठीत, आपल्या अभंगांच्या वळणाने रचना केल्या. त्या ऐकल्या तर चाल ओळखीची वाटेल.

कुणावर कशाची सक्ती नाही. एखादीला देवाचं गाणं नकोच असेल तर नुसती बासरी लावा. निसर्गाचा आवाजही चालतो. विहिरीवर बसून पाखरं ऐकली तरी चालतात.

## ५. पैसे न देता कुठे ऐकायचं?

गावातलं भजनी मंडळ. सगळ्यात आधी हे. ना डेटा, ना चार्जिंग. एकादशीला, सप्ताहात हरिपाठ चालतो तिथे जाऊन बसा. बायकांचं मंडळ नसेल तर चार टाळांवर सुरू होतं.

रेडिओ. आकाशवाणीवर सकाळी भक्तिसंगीत लागतं. विविध भारतीवर सकाळी 'वंदनवार' असतो. साध्या बटणाच्या फोनमध्येही बऱ्याचदा एफएम असतो. फक्त त्याला इअरफोनची वायर लावावी लागते, कारण ती वायरच एरियलचं काम करते. डेटा शून्य. चूल पेटवता पेटवता ऐकता येतं. काही भागांत सामुदायिक रेडिओही आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला बायकांनी चालवलेली 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे.

यूट्यूब. टाइप करता येत नसेल तर माइकच्या खुणेवर बोट ठेवा आणि मराठीत बोला : "जनाबाईंचे अभंग", "जात्यावरच्या ओव्या", "कुमार गंधर्व निर्गुणी भजन". गायकाचं नाव घेऊन शोधलं तर चांगलं सापडतं. नुसतं "भक्तिगीत" म्हटलं तर काहीही येतं. मोफत यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं, हे लक्षात ठेवा. डेटा वाचवायचा तर व्हिडिओचा दर्जा सगळ्यात कमी ठेवा. आपल्याला ऐकायचंय, बघायचं नाही. नुसत्या आवाजाला तासाला साधारण ५०-६० एमबी लागतात. स्पष्ट व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट.

पारी. वर सांगितलंच आहे. ओव्यांसाठी यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांच्यासाठी हे सगळं बैठकीत एकत्र ऐकायचं. फोन मुलाचा, रिचार्ज नवऱ्याचा, आणि "काय सारखं गाणी ऐकतेस" हे बोलणं आपलं! दहा मिनिटं गटाची म्हटली की कुणी बोलत नाही.

## ६. 'फुकट'मधले खड्डे

हा भाग ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे त्या सगळ्यांनी वाचाच.

एका ताईंनी भजनाचं एक अॅप घेतलं. "सात दिवस मोफत" असं लिहिलं होतं. पुढे जायला त्यांनी यूपीआय पिन टाकला. रक्कम एक-दोन रुपये दिसली म्हणून काही वाटलं नाही. पण तो पिन टाकणं म्हणजे दर महिन्याला पैसे कापायला परवानगी देणं होतं. त्याला ऑटोपे म्हणतात. चार महिने पैसे जात राहिले. पाचव्या महिन्यात गटाचा हप्ता भरायला गेल्या तर खात्यात पैसे कमी. ताई इतक्या घाबरल्या की घरात कुणी चोरले असं समजून सुनेशी भांडल्या. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. सुनेची माफी मागायला मीच सोबत गेले होते.

म्हणून हे पाच नियम :

1. ऐकायला पिन लागत नाही. गाण्यासाठी कुणी यूपीआय पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागितला की तिथेच थांबा.
2. ऑटोपे तपासा. आपल्या पैशांच्या अॅपमध्ये प्रोफाइलवर जाऊन 'ऑटोपे' उघडा. नको ते तिथेच रद्द करता येतं. पैसे कापायच्या आधी किमान २४ तास मेसेज येतो, तो न वाचता पुसू नका. अडचण आली तर बँक सखीला विचारा.
3. लिंकवरून अॅप घेऊ नका. "भजन ऐका, पाचशे रुपये मिळवा" असा मेसेज आला की समजा, भजन त्यांना ऐकवायचं नाहीये, तुमचं खातं उघडायचंय.
4. मधल्या जाहिरातीला भुलू नका. अभंगाच्या मधेच "पाच मिनिटांत कर्ज" अशी जाहिरात येते. मन हळवं झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच बोट लागतं. कर्ज हवं असेल तर गट आहे.
5. ऐकणं वेगळं, वापरणं वेगळं. संतांच्या शब्दांवर आता कुणाची मालकी नाही. आपण ते कुठेही गाऊ शकतो. पण एखाद्या गायकाच्या रेकॉर्डिंगवर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं हक्क असतो. आपल्या लोणच्या-पापडाच्या व्हिडिओला मागे ते लावून टाकलं तर व्हिडिओ बंद होऊ शकतो. त्यापेक्षा स्वतः गा. आपल्या आवाजावर आपलाच हक्क.

## ७. एका आजीची गोष्ट

ही गोष्ट त्या आजींना विचारून लिहितेय. "नाव-गाव नको, बाकी लिही," म्हणाल्या.

एका गटात मी पारीवरच्या ओव्या लावल्या. सत्तरी ओलांडलेल्या आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ही आमच्या तिकडची नव्हं. चाल येगळी हाय."

मी म्हटलं, "मग तुमची कशी? म्हणा ना."

"अशी मांडी घालून येत नसती, पोरी. हात फिरला की व्हटावर येती."

मग काय, दोघी गेल्या आणि शेजारून हळदीचं जातं उचलून आणलं. खाली पोतं अंथरलं. आजी आणि दुसऱ्या एक मावशी समोरासमोर बसल्या, दोघींचा हात एका खुंट्यावर. मूठभर ज्वारी टाकली. जातं दोन-तीन वेढे फिरलं आणि आजींचा आवाज लागला. मी पटकन फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

आठ-दहा ओव्या झाल्या. पंढरीची, भावाची, माहेरच्या वाटेची. आणि दोन ओव्यांत एका मुलीचं नाव आलं. त्यांची सून तिथेच बसली होती. तिने विचारलं, "आत्या, ही कोण?"

आजींनी जातं थांबवलं नाही. म्हणाल्या, "तुजी नणंद. दोन वरसाची होऊन गेली."

सुनेला त्या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. तिला हे माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. आजींनी ते एवढी वर्षं फक्त जात्याला सांगितलं होतं, आणि जातं बंद झाल्यावर कुणालाच नाही.

बैठक संपल्यावर मी उत्साहात होते. म्हटलं, "आजी, हे मी आपल्या संघाच्या ग्रुपवर टाकते, सगळ्या ऐकतील." आजींनी माझा हात धरला. "बाकीचं टाक. ती दोन नको. ती माजी हायेत."

मला लाज वाटली. रेकॉर्डिंग सुरू करताना मी विचारलंच नव्हतं. कॉलेजात संमतीवर मी पूर्ण मार्क मिळवले होते, आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा विसरले. त्याच दिवशी मी ते दोन भाग कापून वेगळे केले, सुनेच्या फोनमध्ये टाकले आणि माझ्या फोनमधून पुसले. बाकीच्या ओव्या संघाच्या ग्रुपवर आहेत. तुमच्यापैकी काहींनी ऐकल्याही असतील.

महिन्याने सून भेटली. म्हणाली, "ताई, रात्री भांडी झाली की आम्ही दोघी ते लावतो. आत्या कधी कधी पुढचं सांगतात." मी पुढचं काय ते विचारलं नाही.

## ८. बैठकीत काय करायचं?

- बचत, हप्ते, नोंदी सगळं आधी उरका. गाणं शेवटी ठेवा. नाहीतर काम राहून जातं आणि दोष गाण्यावर येतो.
- दर बैठकीला निवड एकीची. रजिस्टरमधल्या क्रमाने जा, म्हणजे सगळ्यांची पाळी येईल. तिने जे निवडलं ते सगळ्यांनी आदराने ऐकायचं.
- फोन मधोमध उपड्या ताटावर किंवा रिकाम्या पातेल्यात ठेवा. स्पीकर नसला तरी आवाज मोठा येतो.
- एकच गाणं, पूर्ण ऐका. मधे हप्त्याचा विषय काढायचा नाही.
- गाणं संपल्यावर एक मिनिट गप्प. मग जिला बोलायचं ती बोलेल, जिला नाही ती नाही.
- गटातल्या आजींना ओव्या, भजनं, पाळणे येत असतील तर आधी विचारून रेकॉर्ड करा. तीन प्रश्न विचारा : रेकॉर्ड करू का? कुणाकुणाला ऐकवू? नाव सांगू का? रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांना ऐकवा आणि नको असलेलं पुसा.
- रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. एक त्यांच्या घरच्या फोनमध्ये, एक मेमरी कार्डवर. सोबत कागदावर ओव्या लिहा. फोन फुटतो, वही टिकते.

## चर्चेसाठी प्रश्न

1. तुमच्या आईला किंवा सासूला कोणतं गाणं येतं, जे तुम्हाला येत नाही?
2. दिवसातली कोणती दहा मिनिटं फक्त तुमची आहेत? नसतील तर कोणती काढता येतील?
3. सोयराबाईंनी विचारलेला प्रश्न आज आपल्या घरात कुणी विचारला तर काय उत्तर मिळेल?
4. गटातल्या कुणाच्या खात्यात ऑटोपे चालू आहे का? आजच तपासा.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाने काय ऐकलं, ते दोन ओळींत लिहून समूह सखीकडे द्या. पुढच्या अंकात गटाच्या नावासह छापू. आणि हो, ज्या गटात सत्तरीच्या पुढची आजी आहे, त्यांनी पावसाळा संपायची वाट बघू नका. जातं शेजारी मिळेल. मूठभर ज्वारी घरात असतेच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक